मुळांसकट पाच रोपं

करंजाड्याला तळमजल्यावरचा फ्लॅट आम्ही घेतला तो मागच्या दारच्या मातीच्या पट्टीसाठी. बारा फूट लांब, पाच फूट रुंद. बिल्डर तिला 'प्रायव्हेट गार्डन' म्हणाला आणि मी नुकताच निवृत्त झालेला असल्यामुळे विश्वास ठेवला. तळोज्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवून नाकाची वाट लागली होती. आता उरलेलं नाक फुलांसाठी ठेवू म्हटलं.

पहिल्या वर्षी गुलाब आले, झेंडू आले. दुसऱ्या वर्षी शेजारच्या प्लॉटवर सात मजले आले. त्यानंतर आमच्या बागेत सूर्य सकाळी साडेनऊला यायचा आणि दहाच्या आत सरकारी साहेबासारखा तोंड दाखवून निघून जायचा. गुलाब गेले. झेंडू मात्र नुसते उंच वाढत सुटले, फूल एक नाही.

"ऊन शोधायला निघालेत ते," बायको म्हणाली. "तुम्हीही जा बरोबर."

नर्सरीवाल्याला विचारलं, सावलीत काय येईल? तो म्हणाला, "सगळं येतं, सर." त्याने दिलेलं सगळं तीन आठवड्यांत मेलं.

आमच्या दारावर सुकी मासळी घेऊन एक म्हातारी यायची. जवळच्याच गावातली. आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे पूर्वी तिच्या घरची भातशेती होती. मुलांच्या दारात दोन मोठ्या गाड्या, तरी ही डोक्यावर पाटी घेऊन फिरायची. का, म्हणून विचारलं तर म्हणे, "घरी बसून काय करू? सुनांची तोंडं बघू?"

एकदा बायकोला जवळा मोजून देता देता तिने माझी बाग पाहिली आणि हसत सुटली.

"सायब, सावलीत कोन गुलाब लावतो? तेरडा लाव. डोंगरात झाडाखाली फुलतो तो. त्याला कोन पानी घालायला जातंय?"

पुढच्या खेपेला तिने पुडीत बांधून बी आणलं. पावसाळ्याच्या तोंडावर मी ते टाकलं आणि इंटरनेटवर वाचून घेतलं की हे झाड एकाच हंगामाचं असतं. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि मरायचं. मला आवडलं. उगाच वर्षानुवर्षं जागा अडवून बसणाऱ्यांतलं नव्हतं ते.

रोपं तरारली. मग गोगलगायी आल्या. रोज सकाळी मी त्या हाताने वेचायचो आणि भिंतीपलीकडे, सात मजल्यांच्या आवारात टाकायचो. ऊन त्यांनी घेतलं होतं, गोगलगायीही त्यांनीच घ्याव्यात. श्रावणात गुलाबी, जांभळी, पांढरी अशी फुलं खोडाला चिकटून आली. सोसायटीतल्या बायका फोटो काढायला येऊ लागल्या. मी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून पाणी घालू लागलो.

गौरी यायच्या त्या दिवशी सकाळी म्हातारी आली. पाटी नव्हती. नवं लुगडं, केसांत फूल.

"सायब, पाच रोपं दे. मुळांसकट."

"कशाला?"

"कशाला काय? आमची गौर तेरड्याची असतेय. पयले डोंगरावरून आनायचो. आता डोंगर कुठं ऱ्हायलाय? खोदून नेला सगला."

मी म्हणालो, फुलं घे हवी तितकी, मुळं कशाला? गौरीला मुळं दिसतात थोडीच?

"तिला नाय दिसत, मला दिसतात," ती म्हणाली. "आन् जमीन कोनाची व्हती, सायब?"

यावर मी काहीतरी करारनामा वगैरे बोलणार होतो. तेवढ्यात बायको खुरपं घेऊन बाहेर आली आणि तिने सगळ्यात भरदार पाच रोपं काढून म्हातारीच्या ओंजळीत दिली. नेमकी मधली. बागेचे पुढचे दोन दात पडल्यासारखं दिसू लागलं. मी दुपारी जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो.

दुसऱ्या दिवशी बायको मला ओढतच म्हातारीच्या घरी घेऊन गेली. देवाधर्माचं आणि माझं कधी जमलं नाही, हे तिला ठाऊक आहे, म्हणून ओढावं लागतं. मोठा हॉल, टाइल्स, एसी. कोपऱ्यात माझी पाच रोपं हिरवी साडी नेसून, नथीचा मुखवटा लावून बसलेली. लोक वाकून नमस्कार करत होते. मी वाकलो आणि साडीची किनार बाजूला करून पानं बघितली. सुकायला लागली होती.

"अहो, पाणी घातलंय का कोणी हिला?"

अख्खं घर हसलं. धाकटी सून तोंडावर पदर धरून आत पळाली. म्हातारी मात्र हसली नाही. उठली, तांब्या आणला आणि मुळांशी थोडं पाणी ओतलं.

"बरोबर बोलतंय सायब," ती म्हणाली. "ल्हान व्हतो तेव्हा माझी आय घालायची."

मग तिने मला गौरीच्या शेजारीच पाट मांडून बसवलं. आमच्या घरी गौरीला पुरणपोळी. इथे चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण. मी दोनदा मागून घेतलं. नांग्या फोडायला ती स्वतः बसली होती, आणि नांगी फोडता फोडता तिने मला सांगितलं की आमच्या मागच्या दाराशी, तेरडा आहे साधारण तिथे, त्यांच्या शेताचा बांध होता, आणि ती भात लावायला आली की दुपारी त्या बांधावर आडवी व्हायची.

"झोप चांगली लागायची का?" मी विचारलं.

"कसली झोप? सासू उठवायची."

पुढच्या ज्येष्ठात तिने बी आणलं, पण पुडी माझ्या हातात दिली नाही. स्वतःच चप्पल काढून मातीत उतरली आणि मला म्हणाली, "तू सरक."