आंब्यावरच्या घरट्याचं गाऱ्हाणं

देवळामागच्या आंब्यावरून परवा समुद्रगरुडाची दोन्ही पिल्लं उडाली... म्हणून आज लिहायला बसले. आधी का नाही लिहिलं, तेही सांगते.

पांढऱ्या पोटाचा हा मोठा पक्षी आता किनाऱ्यावर मोजकाच उरलाय. आमची जोडी दरवर्षी त्याच जुन्या घरट्यात येते, चार काटक्या नव्या लावते आणि संसार थाटते. जुनं टाकून नवं आणायची हौस नाही... हा गुण मला फार आवडतो!

गेल्या वर्षी मी हौसेनं घरट्याचा फोटो टाकला. खाली गावाचं नाव, देवळाचं नाव, सगळं व्यवस्थित लिहिलं. आठ दिवसांत कुणीतरी अंडी काढून नेली. मादी तीन दिवस झाडाभोवती ओरडत फिरत होती... मला घास जाईना.

त्या आंब्यावर चढू शकेल असा वाडीत एकच माणूस. आमचे नारळ पाडणारा बाबली. संशय सगळ्यांना, पण डोळ्यांनी बघितलं कुणीच नाही.

यंदा मादी घरट्यात बसली तशी मी आमच्याच माडाचा नारळ घेऊन देवळात गेले. जत्रेच्या तयारीला सगळी वाडी जमली होती, बाबलीसुद्धा. गुरवतात्यांना हळूच म्हटलं, "गाऱ्हाणं घाला. अंड्यांना हात लावील त्याचा हात झडू दे!"

तात्या म्हणाले, "देवाक काय सांगूचा तां माका कळता गो बाय. तू नारळ ठेव."

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे गुरवानं सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं घालायचं, आणि प्रत्येक ओळीला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गप्प राहिलात तर शेजारचा लगेच बघतो.

तात्यांनी सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या आंब्यार पाखरान घर केल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण त्या झाडार चढता, आणि जो कोण त्या झाडाची बातमी जगभर करता... तेंच्याच हातात तेची राखण दी रे म्हाराजा!"

सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" बाबलीचा आवाज जरा मागून आला. आणि खरं सांगते... माझाही.

पंधरा दिवसांनी मी खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सारवत होते, तेव्हा मोटरसायकलवरून दोघे अनोळखी आले. म्हणाले फोटो काढायचेत, पण पिशवीत दोर आणि कापूस घातलेला डबा! मी शेणाच्या हातांनीच रस्त्यात उभी राहिले आणि बाबलीला हाक मारली. तो शेजारच्या माडावर होता, सरसर उतरून आला.

त्याला बघून त्यातला एक हसला. "अरे, गेल्या वर्षी तूच दिलीस ना काढून? चल, चढ."

बाबलीनं माझ्याकडे बघितलंच नाही.

"व्हय, मीच दिलंय," तो म्हणाला. "पण औंदा देवाफुडे व्हय म्हाराजा म्हटलंय. आता त्या झाडार चढतलंय तां राखूक. आणि तुमी कसे चढतास, तां मी बघतंय!" कमरेचा कोयता त्यानं काढला नाही... नुसता हात ठेवला.

दोघं आले तसे गेले. मी गाडीचा नंबर ओल्या खळ्यातच बोटानं लिहून ठेवला आणि वनखात्याला फोन केला. त्यांची माणसं दुसऱ्याच दिवशी येऊन गेली. पण रोजची राखण बाबलीचीच. न्याहारी आमच्याकडची, बसायची जागा आंब्याखाली.

त्याला चोर म्हणायचं माझ्या तोंडावर कितीदा आलं असेल. पण वाट मीच दाखवली होती ना? तात्यांनी शाप न घालता दोघांनाही कामाला लावलं... देवाची आणि त्यांची मी ऋणी आहे.

जोडी पुढच्या वर्षी त्याच घरट्यात येणार. तेव्हा यंदा फोटो नाही, गेल्या वर्षीचाही काढून टाकलाय, आणि कोणतं गाव, कोणतं देऊळ, कृपा करून विचारू नका. त्या दिवशी 'व्हय म्हाराजा' मीही म्हटलंय.