आबांचा ईसीजी उघडत नव्हता

घाबरले की मी चिडते. रडणं, हातपाय गळणं वगैरे नंतर; आधी समोर जो कुणी असेल त्याच्यावर खेकसते. त्या दिवशी समोर वहिनी होती, तीही फोनवर.

"ताई, आबांना दवाखान्यात आणलंय," ती म्हणाली. "छातीत लई दुखतंय म्हणत होते. घामानं सदरा पार भिजलाय."

"आणि मला आत्ता सांगतेस?" मी ओरडले. जेवणाची सुट्टी संपून ऑफिसातले सगळे नुकतेच जागेवर बसले होते. आजूबाजूच्या माना वळल्या.

"आत्ताच तर आणलंय," वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला माझीच लाज वाटली.

मी हिंजवडीत आणि आबा, म्हणजे माझे वडील, वाघोलीत. पुण्यात राहणाऱ्याला यापुढे काही सांगायला नको. ही शहराची दोन टोकं, आणि मध्ये जे काही आहे त्याला रस्ता म्हणायची पद्धत आहे. दादा कामासाठी नाशिकला गेला होता. घरी आबा आणि वहिनी दोघंच होते. तिनेच शेजाऱ्यांची गाडी मिळवून आबांना आणलं होतं. मी पर्स उचलली, खुर्ची मागे सारली आणि विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"इथल्या डाक्टरांनी ईसीजी काढला. अटॅक वाटतोय म्हणतात, पण खात्री न्हाय. इंजेक्शन द्यायचं का न्हाय ते पुण्यातले मोठे डाक्टर ईसीजी बघून सांगणार."

"मग सांगितलं का त्यांनी?"

"ते म्हणतात फाईलच उघडत न्हाय."

मी खाली बसले.

आमची कंपनी छोट्या दवाखान्यांसाठी एक वेब ॲप्लिकेशन चालवते. दवाखान्याने पेशंटचे रिपोर्ट त्यावर चढवायचे, आणि शहरातल्या तज्ज्ञांनी ते आपल्या स्क्रीनवर बघून सल्ला द्यायचा. वाघोलीचा तो दवाखाना आमचं ॲप्लिकेशन वापरतो आणि त्या मोठ्या डॉक्टरांचं स्वारगेटजवळचं हॉस्पिटलही. म्हणजे फाईल उघडत नाही ती आमची. मला एवढंच कळत होतं की गुठळी विरघळवणारं ते इंजेक्शन चुकीच्या माणसाला दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून वाघोलीचे डॉक्टर ते स्वतःच्या जबाबदारीवर देणार नाहीत. आणि ज्याला द्यायला हवं त्याला वेळेत दिलं नाही, तर त्याचं काळीज तिथल्या तिथे मरत जातं.

"कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲप करायला सांग ना त्यांना! एवढंही सुचत नाही का कुणाला?" मी परत खेकसले.

"सांगितलं ताई. मोठे डाक्टर आत दुसऱ्या पेशंटच्या कामात हायेत. फोन बाहेर ठेवलाय म्हणे. आत नुसतं तुमचं ते पोर्टल दिसतं."

तुमचं. तिने सहज म्हटलं होतं, पण मला लागायचं तिथे लागलं.

त्या सकाळीच आम्ही एक सुधारणा चढवली होती. सर्व्हर एखादी फाईल पाठवतो तेव्हा आधी एक छोटी ओळ पाठवायची असते: आता जे येतंय ते काय आहे. पीडीएफ, फोटो की साधा मजकूर. त्यावरून ब्राउझर ठरवतो की फाईल कशी उघडायची. आमचं ॲप्लिकेशन इतकी वर्षं ती ओळ पाठवतच नव्हतं, आणि कुणाचं काही अडत नव्हतं. कारण ओळ नसली की ब्राउझर फाईलमध्ये डोकावून अंदाज करतो. बिननावाच्या डब्यात काय आहे हे झाकण उघडून वास घेतला की कळतं, तसंच. पण हा अंदाज धोक्याचा असतो. रिपोर्टच्या नावाखाली कुणी भलतंच काही चढवलं, तर ब्राउझर तेही चालवून मोकळा होतो. म्हणून माझ्या सीनियरने ते बंद केलं होतं. आता फाईलच्या नावाच्या शेवटी जे असेल त्यावरून आम्ही प्रकार सांगणार होतो, आणि ब्राउझरला ताकीद देणार होतो की स्वतःचं डोकं चालवू नकोस, सांगितलंय तेवढंच मान. सुधारणा बरोबर होती. तपासून पास मीच केली होती आणि आजही करीन. हे मी त्या क्षणीसुद्धा स्वतःला सांगत होते.

सीनियर माझ्या पलीकडच्या रांगेत बसते. माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी, बोलायला तुटक, आणि उगाच कुणाच्या खांद्यावर हात ठेवणाऱ्यातली नाही. मी तिच्यापुढे उभी राहून काय बोलले ते मला आठवत नाही. तिने ऐकून घेतलं आणि शेजारची खुर्ची पायाने ओढली.

"बस. फाईल शोध. बाकीचं नंतर."

दवाखाना आणि वेळ यांवरून फाईल लगेच सापडली. फाईलचं नाव, त्याच्या शेवटी पीडीएफ, सगळं व्यवस्थित. आमच्याकडे पेशंटचा रिपोर्ट कुणीही उघडून बघायचा नाही, हा कडक नियम आहे. अडचण शोधायची असेल तर फाईलच्या सुरुवातीची काही अक्षरं तेवढी बघता येतात, कारण प्रत्येक प्रकारच्या फाईलची सुरुवात ठरलेली असते. माझ्या बापाच्या काळजात काय चाललंय ते माझ्यासमोर पडलं होतं, आणि मी त्याची पहिली चार अक्षरं वाचत होते. ती पीडीएफची नव्हती.

"हा फोटो आहे," मी म्हणाले.

"नाव पीडीएफ आणि आत फोटो? कसा?"

मी वहिनीला ईसीजी काढणाऱ्या माणसाला विचारायला लावलं. तिने फोन हातात धरूनच विचारलं, म्हणून त्याचं उत्तर मला थेट ऐकू आलं. तो बिचारा अगदी सरळपणे सांगत होता. "मशिनमधनं कागद निघतो. त्याचा मोबाईलवर फोटू काढायचा आन नावापुढं पीडीएफ लिवायचं. पोर्टल दुसरं काय घेतच न्हाय. तुमच्याच हेल्पलाइननं सांगितलंय की, नाव बदला, चालतंय."

चालतंय. आणि खरंच चालत होतं. आमचं चढवायचं पान नावात पीडीएफ असल्याशिवाय फाईल घेत नव्हतं. हेल्पलाइनवरच्या कुणीतरी फोन लवकर संपावा म्हणून ही युक्ती सांगितली होती. आणि ब्राउझर बिचारा आत डोकावून फोटो दाखवत होता. सगळ्यांनी मिळून एक खोटं नाव चालवून घेतलं होतं. त्या सकाळी आम्ही ब्राउझरला डोकावायची बंदी केली, आणि तो फोटोला पीडीएफ समजून उघडायला गेला. उघडेना.

"सगळं मागे घेऊया," मी म्हणाले. "कालचं परत चढवूया."

"त्यात सगळी सिस्टीम बंद होऊन सुरू होईल. सगळ्या दवाखान्यांची." तिने माझ्याकडे पाहिलं. "या एका फाईलच्या प्रकाराची नोंद तेवढी हाताने बदलू. तू नंबर वाच, मी टाइप करते."

हाताने नोंद बदलायची तर एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने टाइप करायचं, ही तिचीच पद्धत. एरवी मला त्याचा कंटाळा यायचा. मी नंबर वाचायला लागले. आमच्याकडे पेशंटला नाव नसतं, नुसता लांबलचक नंबर. मधेच माझी जीभ अडखळली.

"परत," ती म्हणाली.

मी परत वाचला. एक आकडा चुकला तर दुसऱ्याच कुणाच्या तरी रिपोर्टचा घोळ होईल, आणि आबांचा तसाच राहील, हे मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच आकडे डोळ्यांपुढे हलत होते. तिने बोट स्क्रीनवर टेकवलं आणि ते एकेका आकड्याखालून सरकवत नेलं. नोंद बदलली. प्रकार: फोटो.

"वहिनी, परत उघडायला सांग."

वहिनीने नर्सला सांगितलं, नर्सने दुसऱ्या फोनवर स्वारगेटच्या हॉस्पिटलला सांगितलं. मी फोन कानाला दाबून बसले. मागे कुणीतरी कण्हत होतं. मी वहिनीला विचारलं नाही की ते कोण आहे.

"अजून तसंच म्हणतात," वहिनी म्हणाली.

एवढी घाबरले नव्हते मी कधीच. कारण आता माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. जे बरोबर होतं ते आम्ही केलं होतं आणि तरी ते होत नव्हतं. मला वाटलं, आबा गेले. असं स्पष्ट वाटलं. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण सीनियरने माझं मनगट पकडलं.

"ब्राउझरने जुनंच उत्तर साठवून ठेवलंय," ती म्हणाली. "सर्व्हरला परत विचारतच नाहीये तो. प्रायव्हेट खिडकीत उघडायला सांग, तिला जुनं काही आठवत नसतं. ऐकतेस ना?"

मी वहिनीला म्हणाले, "वर कोपऱ्यात तीन टिंबं असतात. ती दाबली की यादी येते, त्यातून काळी खिडकी उघडते. त्या काळ्या खिडकीत परत लॉगिन करायचं." वहिनीने हे शब्दाला शब्द नर्सला सांगितलं. "तीन टिंबं. काळी खिडकी. परत लॉगिन." नर्सने पुढे सांगितलं. वहिनीने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही, पण त्या दिवशी तिने एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. मी मात्र तिच्यावरच ओरडत होते.

"दिसलं म्हणतात," ती म्हणाली.

मी सीनियरकडे बघून मान हलवली. तिने श्वास सोडला. मग माझ्या लक्षात आलं की दिसलं, म्हणजे आता ते काय आहे तेही कळणार. तोवर फाईल उघडत नाही एवढीच भीती होती, आणि तिला मी हाताने धरू शकत होते. फोनवर आधी चपलांचा आवाज आला, मग काहीतरी फोडल्याचा, बहुतेक इंजेक्शनची बाटली.

"वहिनी? वहिनी, बोल ना गं!"

"इंजेक्शन द्यायला सांगितलं," ती रडत म्हणाली. "अटॅकच हाय ताई. मोठा हाय म्हणतात. दिलं की ॲम्ब्युलन्सनं तिकडं स्वारगेटला नेणार."

सीनियरने बाकीच्यांना कामाला लावलं: अशा सगळ्या फाईली शोधा, एकूण एक दवाखान्याला फोन करा. किती निघाल्या ते मी त्या दिवशी विचारलं नाही, छाती झाली नाही. मी गाडीची किल्ली काढली तर तिने ती माझ्या हातातून घेतली.

"हे असलं तोंड घेऊन तू गाडी चालवणार नाहीस. चल."

तिच्या मागे बसून मी स्वारगेटपर्यंत गेले. एका सिग्नलला मान न वळवता ती म्हणाली, "माझ्या अब्बांचंही असंच झालं होतं. दुकानात, भवानी पेठेत." पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही, आणि तिचे अब्बा आता नाहीत हे मला माहीत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा आबांना आत नेलं होतं. वहिनी जमिनीवर बसली होती, आबांचा घामेजला सदरा मांडीवर घेऊन. मी तिच्या शेजारी बसले. माफी मागायची होती, पण तिने माझा हात घट्ट धरला होता, म्हणून नुसती बसून राहिले. दार उघडलं की दर वेळी आम्ही दोघी उठून उभ्या राहायचो.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. डोक्यावरची टोपी काढत म्हणाले, "आता धोका टळलाय. हृदयाच्या स्नायूचा थोडा भाग गेलाय. यापुढे जपावं लागेल. शेतात कष्ट, जिने चढणं, सगळं बेतानं."

मी विचारलं, "डॉक्टर, मधे फाईल उघडत नव्हती. तेवढ्या वेळानं काही फरक पडला का?"

त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. पेशंटची मुलगी, एवढंच.

"पडतोच," ते म्हणाले. "पण आपण आता तो विचार करू नका." आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

आम्हा दोघींना थोडा वेळ आत सोडलं. आबांचा चेहरा लहान झाला होता. नाकात नळी होती. मला बघून त्यांनी बोटं हलवली, मी ती धरली. बोलू नका म्हटलं तरी ते बोललेच.

"मी तिकडं वाघोलीतच पडलेलो, आन इथल्या डाक्टरनं माझं काळीज बघितलंसुद्धा," ते म्हणाले. "सूनबाईनं सांगितलं मला. तुझ्या कंपनीचंच हाय म्हणं ते." दम लागला म्हणून ते थांबले, आणि मग हसले. "लई मोठं काम करतीस, पोरी. तू होतीस म्हणून वाचलो मी."

पलंगाच्या पलीकडे वहिनी चादर सारखी करत होती. तिने मान वर केली नाही.

"हो, आबा," मी म्हणाले.