दुसरा ठोका

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. भुताचं सोडा, लेथवाल्याच्या शब्दावरसुद्धा माझा विश्वास नसतो. मला टॉर्क रेंच कळतो, डायल गेज कळतो. या सदरातले अनुभव वाचून मी अनेकदा हसलो आहे... आता हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, माझी हरकत नाही. पण जे झालं ते झालं.

माझं गॅरेज रायपूरला, तात्यापाऱ्यात. मुख्य रस्त्यावरून आत वळलं की डाव्या हाताला तिसरं शटर. बारा फूट रुंद, तीस फूट खोल. मागे खिडकी नाही, दुसरं दार नाही. हे लक्षात ठेवा. मी स्पोर्ट बाईकची कामं करतो — रोजच्या रस्त्यावर चालणारी गाडी ट्रॅकवर न्यायची असेल तर तिच्यात जे जे बदलावं लागतं ते सगळं. गोंदियाहून आलो तेव्हा अंगावरचा शर्ट आणि दोन पान्हे, एवढंच होतं. पुढे राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, शहराबाहेर नव्या राजधानीचे सहापदरी रिकामे रस्ते झाले आणि मोठ्या गाड्या घेणारे लोक वाढले. मी त्यात माझी जागा केली. कोणी दिली नाही.

हे मी म्हणतो, पण वासुदेवकाकाचं नाव घ्यावंच लागेल. रेल्वेत वॅगन दुरुस्तीतून रिटायर झालेला म्हातारा, मूळचा वर्ध्याचा, ब्राह्मणपाऱ्यात राहायचा. मराठी बोलायला कोणी मिळतं म्हणून माझ्याकडे यायला लागला आणि मग रोजच येऊ लागला. त्याच्याकडे एक छोटी लांब दांड्याची हातोडी होती. गाडी तयार झाली की हा मागच्या चाकापासून सुरू करायचा आणि एकेका बोल्टवर, एक्सलवर म्हणजे चाकाच्या दांड्यावर, हलका ठोका मारत पुढच्या चाकापर्यंत जायचा. प्रत्येक जागी दोन ठोके. एक मारला की एक श्वास थांबायचा, मग दुसरा.

"दोन काहून मारता काका?" मी एकदा विचारलं.

"पहिला लोखंडाले जागं करायले. दुसरा आयकायले."

घट्ट आणि निरोगी लोखंड 'टण्ण' वाजतं. सैल असलं, आत चीर असली, तर 'थप्' वाजतं. रेल्वेवाले वर्षानुवर्षं असंच करत आले. मी ते त्याच्याकडून शिकलो, नाही म्हणत नाही.

आता माझी तक्रार ऐका. एका राइस मिलवाल्याची गाडी मी दीड महिना खपून तयार केली होती. न्यायला आला तो चार मित्रांना घेऊन. काकाने सवयीप्रमाणे ठोके मारले, मागच्या एक्सलपाशी थांबला, खिशातून खडू काढला आणि काळ्याकुळकुळीत टाकीवर लिहिलं — 'सिक'. रेल्वेत न चालण्याजोग्या डब्यावर असं, म्हणजे 'आजारी', लिहून तो बाजूला काढतात. पाच गिऱ्हाइकांसमोर!

"सुध्या, हे गाडी जाऊ देऊ नको. एक्सल बरोबर बोलून नाई राहिला."

माझं डोकं फिरलं. "ही मालगाडी नाही म्हाताऱ्या! उद्यापासून येऊ नको इथं!" असं ओरडून मी त्याची हातोडी हिसकावली आणि गल्लीत फेकली. काकाने ती उचलली, धोतराला पुसली. "मले जे आयकू आलं ते मी सांगतलं," एवढंच म्हणाला आणि गेला.

मिलवाल्याने गाडी घेतली नाही. सुधाकरची गाडी 'सिक' निघाली, असं अख्ख्या रायपुरात झालं. हट्टाने मी ती गाडी स्वतः विकत घेतली. तोच एक्सल ठेवून वीस हजार किलोमीटर चालवली, बिलासपूर, जगदलपूर, नागपूर. काही झालं नाही! म्हणजे म्हातारा चुकला होता. महिन्यातून एकदा मी मुद्दाम ब्राह्मणपाऱ्यातून, त्याच्या ओसरीसमोरून, गाडी पिळत जायचो. तो खुर्चीवर बसलेला असायचा. बघायचा नाही, मान थोडी वाकडी करून ऐकायचा. मग एका थंडीत तो गेला. मयतीला मी गेलो नाही. मुलाने घर बंद केलं, सामान भिलाईला नेलं. हातोडीही त्यातच गेली, याची मी पुढे खात्री करून घेतली आहे.

यानंतर चार वर्षांनी ही गोष्ट घडली.

वैदेही म्हणून एक मुलगी होती, अमरावतीची. नव्या राजधानीत सरकारी कामाच्या कन्सल्टन्सीत इंजिनियर. सहाशे सीसीची जुनी स्पोर्ट बाईक घेऊन ती रोज ऑफिसला जायची आणि वर्षातून एक-दोनदा दक्षिणेत ट्रॅकवर चालवायला न्यायची. हात चांगला होता तिचा. मे महिन्यात तिने गाडी माझ्याकडे ट्रॅकसाठी दिली. हेडलाइट काढून जागा बंद केली. कूलंट काढून साधं पाणी भरलं, कारण ट्रॅकवर सांडलं तर मागून येणारा घसरू नये. ऑइलच्या बोल्टला तार बांधली. नवे ब्रेक पॅड घातले, फूटरेस्ट वर आणि मागे घेतले. फक्त पुढच्या चाकाचा एक्सल खराब निघाला, आधीच्या मालकाने ठोकून ठोकून त्याचे आटे घालवले होते. कंपनीचा यायला अडीच महिने. मी भनपुरीच्या साहू लेथवाल्याकडून बनवून घेतला.

आणि साहूशी मी भाव केला. मी सगळ्यांशीच करतो. त्याने दोन प्रकारचं पोलाद दाखवलं होतं. मी इतका खाली आणला की शेवटी तो म्हणाला, "सेठ, इस रेट में तो ये वाला ही आएगा." वाईट नव्हतं ते. पण दुसरं जास्त चांगलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

गाडी तयार झाली. पुढचं-मागचं चाक स्टँडवर उचलून ठेवलेली. दुपारी अडीचचा सुमार, बाहेर भट्टी पेटलेली. माझा मेकॅनिक दिनेश जेवायला गेलेला. चाळीशीचा माणूस, महासमुंदकडचा, दहा वर्षं माझ्याकडे. मी शटर अर्धं खाली ओढलं, कूलर बंद होता कारण लाइट गेली होती, आणि बाकावर पडलो.

टण्ण... टण्ण.

मला वाटलं शेजारी कोणी काम करतंय. पुन्हा — टण्ण... मधे एक श्वास... टण्ण. आवाज माझ्या पायाकडून डोक्याकडे सरकत होता. मागचं चाक. स्विंगआर्म. फूटरेस्ट. इंजिनचे बोल्ट. गाडी आणि बाक यांच्यात तीन फुटांचं अंतर. मी पाहत होतो आणि तिथे कोणी नव्हतं. मग पुढचं चाक.

थप्... थप्.

लोखंड थंड होताना वाजतं, हे मलाही कळतं. पण इंजिन आदल्या दिवसापासून चालू केलेलं नव्हतं. आणि थंड होणारं लोखंड क्रमाने मागून पुढे वाजत नाही.

दुसऱ्या दिवशी दिनेशला मी जेवायला जाऊ दिलं नाही, डबा इथेच खा म्हटलं. कारण सांगितलं नाही. अडीच वाजले. त्याचा घास हातातच राहिला.

"भैया... ये तो कका के ठोका आय."

"कसला ठोका? गप जेव!"

"सुने हस न तैं घलो?" म्हणजे, तूही ऐकलंस ना?

मी शिवी दिली. पण त्याने डबा बंद केला, हात धुतले आणि गाडीला हात लावणार नाही म्हणून सांगितलं, "मैं ये गाड़ी ला नई छुअंव भैया. चाहे तो हिसाब कर दे." दहा वर्षांत हा माणूस मला उलटून बोलला नव्हता.

मी एक्सल काढला. सूतभर वाकलेला नव्हता. दोरीला टांगून स्वतः ठोकला, तर घंटेसारखा वाजला. तरी भनपुरीला एका कारखान्यात नेऊन तपासून आणला. लाल औषध लावून पुसतात, वरून पांढरी पावडर मारतात. चीर असेल तर लाल रेघ उमटते. रेघ उमटली नाही. परत बसवला, रेंचने मापात घट्ट केला. दुपारी बसून राहिलो.

मागून सगळे टण्ण. पुढे थप्... थप्.

तेव्हा मला भीती नाही, राग आला. खरं सांगतो. मेल्यावरही हा म्हातारा माझं नाव खराब करायला आला, असं वाटलं. रिकाम्या गॅरेजात मी मोठ्याने बोललो — "मागच्या वेळीही चुकला होता तुम्ही काका! वीस हजार चालवली मी!"  पण पुढे ट्रॅकवर दोनशेच्या वेगात ब्रेक दाबणारी ती पोरगी मला दिसायला लागली. सगळा भार पुढच्या चाकावर येतो तेव्हा. सगळा. आणि ते चाक एका दांड्यावर असतं.

शनिवारी सकाळी दहाला वैदेही आली. गल्लीच्या तोंडाशी गाडी न्यायला पिकअप उभा, सोबत तिचे दोन मित्र. ऑफिसमधून मुश्किलीने रजा काढलेली, ट्रॅकची जागा दोन महिन्यांपूर्वीच बुक केलेली.

"सुधाकरभाऊ, झाली ना माझी राणी?"

"झाली" माझ्या तोंडात आलंच होतं. कागदावर सगळं बरोबर होतं. मी दिली असती तर जगातला कोणताही मेकॅनिक मला दोष देऊ शकला नसता.

टण्ण.

एकच. पुढच्या चाकाकडून. इतरांपैकी कोणी मान वळवली नाही, फक्त दिनेशने वळवली. मी दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिलो. एक श्वास गेला, दुसरा गेला... तो आला नाही.

"ताई, गाडी नाही देणार."

"काय?"

"एक्सल मले पटून नाही राहिला. कंपनीचा येऊ द्या."

"आत्ता सांगता? पिकअप उभा आहे भाऊ! चीर आहे का त्याच्यात?"

"नाही."

"वाकडा आहे?"

"नाही."

"मग काय झालं त्याला?"

काय सांगणार?  तिचा एक मित्र हिंदीत म्हणाला, "इसका दिमाग ख़राब है, ऐसे ही उठवा लो." वैदेही माझ्याकडे बघत होती. "तुम्हीच ना ती म्हाताऱ्याची गोष्ट हसून हसून सांगत होतात? उगाच गाडी अडवली म्हणून? मग तुमच्यात न् त्याच्यात फरक काय?"

ते दोघे गाडी स्टँडवरून उतरवायला पुढे आले. मी पान्हा घेतला, खाली बसलो आणि सर्वांसमोर एक्सल उपसून काढला. चाक घरंगळत भिंतीला लागलं. म्हटलं, आता न्या.

ती रडली नाही, ओरडली नाही. हेल्मेट उचललं आणि गेली. सोमवारी टेम्पो पाठवून गाडी दुसऱ्या गॅरेजला नेली. तिथे नवा एक्सल पडला, पुढच्या वर्षी ती ट्रॅकवर जाऊन आली, ठीक आहे असं ऐकतो. बूढातलावापाशी एकदा सिग्नलला दिसली. बघून न बघितल्यासारखं केलं. तिचं बरोबरच आहे.

गाडी गेली त्याच सोमवारी मी तो एक्सल घेऊन साहूकडे गेलो. म्हटलं, प्रेसमध्ये घाल आणि मोडेपर्यंत दाब. मला पुरावा पाहिजे होता. कचकन तुटला पाहिजे होता तो. साहूने दाबला, आणखी दाबला. एक्सल वाकला, धनुष्यासारखा झाला, तुटला नाही. मी म्हटलं काप. सहा तुकडे केले. प्रत्येक तुकड्याचं तोंड आरशासारखं, आत कुठे पोकळी नाही, डाग नाही.

"सेठ, माल तो एक नंबर था," साहू म्हणाला. "किसने बोला ख़राब है?"

 आयुष्यात पहिल्यांदा भाव न करता त्याने सांगितले तेवढे पैसे दिले.

म्हणजे काका दुसऱ्यांदाही चुकला? की ट्रॅकवर, त्या दिवशी, त्या वळणावर काही होणार होतं, जे लाल औषधात आणि प्रेसमध्ये दिसत नाही? आणि शनिवारी पुढचं चाक टण्ण का वाजलं, दुसरा ठोका का नाही आला? लोखंड जागं करून ऐकायचं काम माझ्यावर सोडलं का त्याने? मला माहीत नाही. दिनेशला विचारलं तर तो फक्त "हव", म्हणजे 'हो', म्हणतो. कशाला हव, ते सांगत नाही.

तेव्हापासून तो आवाज आलेला नाही. एकदाही नाही. आता गाडी तयार झाली की मी ती स्टँडवर घेतो, शटर अर्धं ओढतो, कूलर बंद करतो आणि दुपारी अडीचला बाकावर बसतो. अर्धा तास काही वाजत नाही. ही शांतता म्हणजे गाडी पास झाली, की आता ऐकायला कोणी येतच नाही... हे मला अजून कळलेलं नाही. बाहेर गिऱ्हाईक उभं असतं. शटर वर करावंच लागतं.