पाय मिळणार नाही

मी पायाळू आहे. आईच्या पोटातून डोक्याच्या आधी पाय बाहेर काढले, एवढंच माझं कर्तृत्व. पण आमच्या एकोडीत तेवढं पुरलं. कोणाच्या कमरेत उसण भरली की तो सकाळी चहाच्याही आधी आमच्या अंगणात येऊन पालथा पडायचा आणि आई मला झोपेतून ओढत आणायची. "दे वं पाय." मी डोळे चोळत त्याच्या कमरेला लाथ लावायची. तो उठायचा, "लय हलकं वाटून राहिलं" म्हणायचा आणि कामाला जायचा. उसण तशीही चार-दोन दिवसांत आपली आपण जाते हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मात्र माझा रुबाब काय विचारता! फक्त पावसाळ्यात पंचाईत व्हायची. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, म्हणून ढग गुरगुरले की मला घरात कोंडायचे. लाथ मारायला मी चालत होते, पावसात खेळायला नाही.

भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले त्या सुमारास मी मोठी झाले आणि आईनं अंगणातला हा दवाखाना बंद केला. पुढे नागपूरला जाऊन फिजिओथेरपी शिकले आणि साकोलीच्या एका दवाखान्यात लागले. तिथे काही वर्षांनी एक नवी पद्धत आली. कंबर, मान, खांदा, गुडघा, ज्याचं जे दुखत असेल त्यानं आधी माझ्या खोलीत यायचं. मी तपासणार आणि मीच ठरवणार. कोण व्यायामानं बरा होईल, कोणाला डॉक्टरांनी बघायला हवं, आणि कोणाला आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याला हलवायचं.

लोकांना हे अजिबात पसंत नव्हतं. "डाक्टर कुठं हायेत?" "सुई नाई देत का जी?" आणि माझ्या दारातच एक जण दुसऱ्याला सांगत होता, "थे मालिशवाली बाई हाये, पुढं चाल." माझं टाळकंच सरकलं. माणसाचं हाडन् हाड पाठ करून मी मालिशवाली! बाहेर जाऊन त्याला हाताला धरून आत आणला, तपासला, आणि त्याचा खांदा नव्हे तर छाती दुखतेय असं दिसल्यावर धावत डॉक्टरांकडे नेला. तो वाचला. पण जाताना आभार डॉक्टरांचे मानून गेला.

आमचे मोठे डॉक्टर वाईट नव्हते, पण त्यांना ही पद्धत टोचत होती. "मॅडम, तुम्ही चाळणी आहात," ते म्हणायचे. "चाळणीतून जाऊ नये ते गेलं, तर लोक माझ्या दारात येणार."

"चाळणी तर चाळणी," मी म्हटलं, "पण भोकं मी बघून पाडली आहेत."

एवढं बोलले खरं. आणि मग काकी आली.

काकी आमच्या गावची, नात्यानं कोणी नाही, पण मला कडेवर घेऊन फिरलेली. आमच्याकडे धानाची रोवणी बायका ओळीनं करतात. कमरेत वाकून, चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खोवत, उलट्या पावली मागे मागे. ओळीच्या टोकाला जी असते ती सगळ्यांचा वेग धरते, गाणंही तीच उचलते. आमच्या गावची ती जागा काकीची. माझ्या जन्माच्या आधीपासून. गावातल्या कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाय किती रुततो हे तिला तोंडपाठ.

तीच काकी सुनेच्या खांद्यावर लोंबकळत ऑटोतून उतरली. कमरेला पट्टा करकचून बांधलेला, हातात पिशवी, पिशवीत एक्स-रे. कुठल्याशा शहरातल्या डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, मणक्यात गॅप आहे, ऑपरेशन करा, आणि करा-नका करू, वाकणं आता विसरा. झालं! त्या एका वाक्यानं काकी आडवी झाली होती. उन्हाळा सगळा खाटेवर. पाणीसुद्धा सून आणून देणार.

"बांधीत नाई गेली तं जिती राहून करू काय मी?" ती म्हणाली. मग दार लागलंय का ते बघितलं, माझ्या टेबलवर पालथी पडली आणि म्हणाली, "दे पाय."

"काकी!"

"काकी काय? म्हून तं आली तुह्याकडं. डाक्टर तं गावोगाव हायेत. पायाळू एखादीच रायते."

मी तिला उठवलं नाही, तशीच तपासली. पाय उचलून बघितले, पंजाची ताकद बघितली, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, लघवीला त्रास आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, सगळं विचारलं. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. आणि तो गॅप! अहो, त्या वयाच्या कोणाचाही एक्स-रे काढा, गॅप दिसेल. माझ्या आईचा काढा, दिसेल. तिची पाठ कामानं थकली होती आणि नंतर खाटेनं गंजली होती. मी पट्टा सोडला, गुंडाळला आणि सुनेच्या हातात दिला.

"ऑपरेशन नको. उद्यापासून चालायचं. मी सांगते ते व्यायाम करायचे."

"अन् पाय?"

"पाय मिळणार नाही."

का नाही, हे मी तिला सांगितलं नाही, कारण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. पण मला पक्कं ठाऊक होतं. एकदा इथे पाय दिला की सगळा तालुका माझ्या खोलीत पालथा पडेल. आणि ज्याच्या पाठीत खरंच काही घातकी वाढतंय तोही लाथ खाऊन हसत हसत घरी जाईल. ते मला नको होतं.

काकी गेली ती तणतणत. गावात तिनं सांगितलं, पोरगी सायबीण झाली, गावच्या माणसाले पाय द्यायले लाजते. आईनं मला फोनवर झाडलं. "एक लाथच तं मांगते बिचारी! तुह्या बापाचं काय जाते?" मी फोन आपटला.

पुढच्याच आठवड्यात काकी पुन्हा दारात. या वेळी सुनेला तिला चालवताही येत नव्हतं. मी पाय दिला नाही म्हणून नातेवाईक तिला पार सिहोऱ्याकडे, तिथल्या एका पायाळू बुवाकडे घेऊन गेले होते. तो लाथ लावून थांबला नव्हता. चांगला अंगापिंडानं भरलेला गडी तिच्या पाठीवर उभा राहिला होता!

मोठे डॉक्टर आत आले. "आता तरी पाठवा ऑपरेशनला. उद्या हिला काही झालं तर सगळे म्हणतील, त्या बाईनं अडवलं होतं."

"म्हणू द्या."

"मग ही चाळणी इथे राहणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

भीती वाटली. कशाला खोटं बोलू. मी पुन्हा पहिल्यापासून तपासली, पंजा, बधिरपणा, लघवी, सगळं. या वेळी मणका न् मणका दाबून बघितला, कुठे मोडलाबिडला तर नाही. स्नायू सुजले होते, निळे पडले होते, बाकी काही नाही. डॉक्टरांना म्हटलं, "तुम्हीही बघा. मला चूक दाखवा, मी आत्ता भंडाऱ्याची गाडी बोलावते." त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. चूक सापडली नाही, तसे पुढच्या पेशंटकडे निघून गेले.

मग मी काकीकडे वळले आणि माझा तोल गेला. "मरायचं होतं का तुला? कोणी पाठीवर उभा राहतो आणि तू राहू देते? काहून?"

"तू देत नाई म्हून," ती रडत म्हणाली. "तू दिला असता तं कायले गेली असती मी सिहोऱ्याले?"

राग तिचा येत होता, त्या बुवाचा येत होता, आणि त्या 'वाकणं विसरा'वाल्याचा सगळ्यात जास्त येत होता. त्या रागातच मी म्हणून गेले, "ऐक. ज्या दिवशी तू बांधीत वाकशील त्या दिवशी देते पाय. त्याआधी मागशील तर जीव गेला तरी नाही."

तिनं डोळे पुसले. "कबूल?"

"कबूल."

त्या दिवसापासून काकी अशी काही पेटली की विचारू नका. सूज उतरेपर्यंत अंगणात चालली, मग तळ्याच्या पाळीपर्यंत. माझ्याकडे आली की कुरकुर, शिव्या, "दुखून राहिलं वं, सोड आता," आणि मी म्हणायची, "दुखू दे थोडं, मोडत नाहीस तू." वाकायची वेळ आली तेव्हा तिची पाठच घाबरली. खुर्चीवरची चिंधी उचलायला सांगितली तरी श्वास धरायची. मग मी तिला घरी अंगणात रोवणी करायला लावली, कोरडी. हातात तुराट्यांच्या काड्या, उलट्या पावली, एक एक काडी जमिनीवर ठेवत मागे जायचं. सून हसायची. शेजारणी बघायला यायच्या. काकी त्यांना हासडायची, "दात काय दाखवता? या माह्या मागं!" आणि त्या खरोखर ओळीत उभ्या राहायच्या.

रोवणीला काकीचा निरोप आला, ये म्हणून. मी एकोडीला घरी गेले तर आईनं दारातच अडवलं. आभाळ भरलं होतं. "पायाळूनं असल्यात उघड्या बांधीत जायचं नसते." मी छत्रीसुद्धा न घेता निघाले. एवढी वर्षं ढगांना घाबरून घरात बसले होते, आता पुरे.

बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, बायका उभ्या होत्या, आत पाऊल कोणी टाकलं नव्हतं. पदर खोचून काकी टोकाला. मला बघताच म्हणाली, "आण तुहा पाय."

"पाठीला?"

"पाठीले कायले? थे बरी हाये आता. बांधीत ठेव, धानाले लागू दे."

मी चप्पल काढली आणि चिखलात पाय घातला. पोटरीपर्यंत गेला. काकी माझ्यासमोर आली, एका हातात पऱ्ह्यांची जुडी, आणि वाकली. श्वास न धरता, कुठे न अडखळता, कमरेतून सरळ खाली, दोन्ही हात चिखलात. माझ्या पायाच्या या बाजूला एक पऱ्हं खोवलं, त्या बाजूला एक. मग तशीच वाकलेली, मान तेवढी वर करून म्हणाली, "सांग त्या शहरातल्या डाक्टरले. वाकली म्हना."

मला रडू फुटलं आणि ते मी लपवलं नाही. वर ढग गुरगुरले तशा बायका ओरडायला लागल्या, पायाळू पोरगी, घरी पाठवा तिले! काकीनं गाणं उचललं आणि ओळ मागे मागे सरकायला लागली. ती पलीकडच्या धुऱ्याला लागेपर्यंत मी त्या चिखलातून पाय काढला नाही.