चाकाला दाद न देणारं टोक

लग्न होऊन डोंगरकड्याला आले तेव्हा नवऱ्याला नांदेडला कारखान्यात काम लागलेलं होतं. तो अधूनमधून तोंड दाखवून जायचा. भट्टीवर उरलो सासरे आणि मी. माझं माहेरही लोहाराचंच, इकडच्याच गोरेगावचं, त्यामुळं भाता आणि घण मला नवे नव्हते. नवं होतं ते धारेचं चाक. लाकडी घोडीवर बसवलेला तपकिरी दगड आणि तो गरगरा फिरवायला बाजूला दांडा. दांडा मी फिरवायची, पातं मामा धरायचे. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो.

दांडा फिरवून फिरवून लोखंड मला दंडातून कळायला लागलं. विळ्याचं लोखंड दगड गुमान खायचा आणि दांडा हलका जायचा. ट्रकच्या पाट्याची कुऱ्हाड जरा ओढून धरायची. मोडकी कानस घासताना ठिणग्यांची फुलं उडायची, दांडा जड व्हायचा, पण दगड आपलं काम करतोय हे समजायचं. एकदा नवऱ्यानं लेथवरच्या कटरचा मोडका तुकडा आणला. सुताराच्या रंध्याला पातं करायचं होतं. त्यानं मात्र माझा जीव काढला. ठिणग्या चार-दोन, त्याही काळपट तांबड्या, आणि दुपार गेली तरी धार नाही. शेवटी मामांनी त्यालाही पाण्यात बुचकळून काढलं आणि ते टिकलं. ते टिकलं नसतं तर फार बरं झालं असतं, असं मला पुढं अनेकदा वाटलं.

तापलेलं लोखंड पाण्यात घालून कडक करायचं, त्याला पाणी पाजणं म्हणतात. मामांचं पाणी पाजणं म्हणजे आमच्या घरातलं सोवळंच होतं. लोखंड पाण्यात असताना कोणी बोलायचं नाही. रडकं लेकरू असलं तर त्याला बाहेर न्यायचं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, तेही गप्प उभं राहायचं. मामा म्हणायचे, पाणी ऐकावं लागतं. आता खरं सांगायचं तर मामांना पाणी काय, ढोलसुद्धा नीट ऐकू येत नव्हता. जन्मभर ऐरणीपाशी बसून कान गेले होते. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे नुसतेच मोठ्यानं बोलायचे. त्याला कोणी बहिरेपण म्हणत नव्हतं. पाणी दिलं की मामा मान कलती करून ऐकल्यासारखं करायचे, आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. जिकडंतिकडं विहिरी खोल करणं चाललं होतं. आमच्या गावच्या विहिरीवर ट्रॅक्टरला जोडलेला कंप्रेसर आला आणि त्याच्या टोळीत माझा धाकटा भाऊ आला. आई गेल्यावर त्याला मीच कडेवर वागवलं होतं. खाली उतरून काळ्या खडकात सुरुंगाची भोकं पाडायचं यंत्र तो धरायचा. त्या यंत्राची भीती मला त्याच्यापेक्षा जास्त वाटायची. पलीकडच्या गावात यंत्रातल्या पहारीचं टोक भोकात फुटून अडकलं, तेव्हा यंत्रच गर्रकन फिरलं आणि धरणाऱ्याचे दोन्ही हात मनगटापासून पिळून गेले. तो माणूस आता दुसऱ्याच्या हातानं जेवतो, हे मला भावानंच हसत हसत सांगितलं होतं. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

त्यांच्या पहारी आमच्यासारख्या नव्हत्या. टोकाला करड्या रंगाचा एक तुकडा पितळेनं जडवलेला असायचा. खडक फोडणारा तो तुकडा. तो बोथट झाला की पहार नांदेडला पाठवायची, तिथं त्याच्यासाठी वेगळा हिरवा दगड असतो, अशी पद्धत होती. पण त्या सकाळी सगळ्याच पहारी बोथट झाल्या आणि मुकादमाला काम थांबवायचं नव्हतं. तो भावाला घेऊन आमच्या भट्टीवर आला.

मामांनी पहार हातात घेतली, टोकावरून अंगठा फिरवला.

"लोखंडच हाय ना? त्यो कटर न्हाई का हितंच घासला? मंग नांदेड काहून? द्या इकडं."

मुकादमाला तेच हवं होतं. पहार ठेवून दोघं विहिरीकडं गेले.

मी दांडा धरला आणि पहिल्याच फेऱ्यात समजलं की हे काहीतरी निराळं आहे. कटरचा तुकडा निदान जड तरी जात होता. हे टोक दगडावरून नुसतं घसरत होतं. ठिणगी म्हणावी तर दिसत नव्हती. दगडाचीच भुकटी माझ्या पदरावर पडत होती आणि मामांच्या चष्म्यावर बसत होती. थोड्या वेळानं बघते तर टोक होतं तसंच, आणि दगडाला मात्र खोबण पडलेली.

"जोर न्हाई का हातात? जेवली न्हाईस काय?" मामा ओरडले.

जेवले होते. चांगल्या दोन भाकरी जेवले होते. पण सासऱ्याला उलट बोलायची रीत नव्हती. मी दात खाऊन फिरवत राहिले. मामा सगळ्या अंगानं पहारीवर रेलले. कशीबशी एक धार दिसायला लागली. टोक इतकं तापलं की जवळ हात नेववेना. मामांनी पहार उचलली, नेहमीसारखं काहीतरी पुटपुटले आणि टोक पाण्यात घातलं.

मी दांडा धरूनच उभी होते. चाक थांबलं होतं. पाणी चरचरलं, आणि त्या चरचरीत मला ऐकू आलं. चट. अगदी बारीक. खापराला तडा जावा तसं.

मामा मान कलती करून उभे होते. तोंडावर समाधान होतं.

मी टोक पुसायच्या निमित्तानं उन्हात धरून पाहिलं. तडा डोळ्यांना दिसेना. मला वाटलं, भास झाला असेल. मग वाटलं, भास नसला तर? तेवढ्यात मुकादम आणि भाऊ आलेच. धार पाहून मुकादम खूश झाला. भावानं पहार खांद्यावर टाकली.

मी पदर दातात धरून त्याला हळूच म्हटलं, "नेऊ नको."

"काहून गं अक्का?"

"काय म्हनून राहिली ती?" मामांनी विचारलं.

परक्या पुरुषासमोर मी मामांशी कधी बोलले नव्हते. दातातला पदर मी सोडला. मी मोठ्यानं म्हणाले, "मामा, पाण्यात चट वाजलं. टोक फुटलंय."

"काय न्हाई वाजलं. मी हुतो की हितंच."

यावर मुकादम हसला. "मामा, तुमाला बैलाच्या गळ्यातली घाट तरी ऐकू येती का?"

भट्टीवर पाती घ्यायला तेवढ्यात आलेले दोघं-तिघं होते, तेही हसले. तो हसण्याचा आवाज तरी मामांना ऐकू जाऊ नये असं मला झालं. पण हसणारी तोंडं त्यांना दिसत होती. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून झाकलेलं मी एका वाक्यात उघडं केलं होतं.

मामांनी भावाच्या खांद्यावरून पहार घेतली, ऐरणीवर टेकवली आणि हातोडीनं टोकाला हलकेच टिचकी मारली. करडा तुकडा अर्धा तुटून खाली मातीत पडला.

कोणी हसलं नाही मग. भाऊ त्या तुकड्याकडं बघत राहिला आणि नकळत आपलं मनगट चोळायला लागला. मुकादमानं वाट्टेल ते बोलून घेतलं, मोडकी पहार उचलली आणि गेला. हिरव्या दगडावर धार लावलेल्या पहारी नांदेडहून येईपर्यंत विहिरीचं काम थांबलं. माझ्या भावाचे हात शाबूत राहिले. पुढं त्याच हातांनी त्यानं आपली लेकरं खेळवली. मी बोलले ते बरोबर होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

संध्याकाळभर मी मामांच्या रागावण्याची वाट पाहिली. त्यांनी ताट संपवलं, हात धुतले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं झोपले असते.

दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याची कुऱ्हाड होती. साधी, पाट्याची, मामांनी आयुष्यभर केल्या तशीच एक. त्यांनी ती लाल केली, पाण्यात घातली, आणि पाणी चरचरत असतानाच माझ्याकडं वळले.

"वाजलं का गं?"

"न्हाई मामा."

"नीट ऐक."

"न्हाई वाजलं मामा."

तेव्हा कुठं त्यांनी कुऱ्हाड बाहेर काढली. त्यानंतर भट्टी बंद होईपर्यंत, साधा विळा असला तरी, ते मला विचारत राहिले. गिऱ्हाईक समोर असलं तरी विचारायचे. मी दर वेळी मोठ्यानं, चार माणसांना ऐकू जाईल असं, न्हाई म्हणायची, आणि ते लहान मुलासारखी मान डोलवायचे.