अठ्ठावीस नंबरची वाकडी तार

प्रयोगशाळेत तिला सगळे सुईताई म्हणत. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. बारीक स्प्रिंग चिमट्यात धरताना श्वास कधी रोखायचा, हे ती त्यांच्या शेजारी बसून शिकली. आता बावीस वर्षं झाली, ती सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून काचेच्या सुईनं तारा उचलत होती. एका केसाच्या जाडीत सात-आठशे मावतील अशा तारा. घरी सासूबाईंचा टोमणा ठरलेला, "दिसत नाही ते उचलतेस, आणि दिसतो तो पसारा तसाच."

या तारांवर दोन मुलामे असत. एक ॲल्युमिनियमचा, तो पुरेसा गार केला की वीज विनाअडथळा वाहू लागते. दुसरा चुंबकाचा. दोघांचं हाडवैर, चुंबक जवळ आला की ॲल्युमिनियम आपला गुण सोडतो. पण विभागप्रमुख मोठ्या बाईंचं म्हणणं, थर पातळ असतील आणि एकमेकांना नीट चिकटलेले असतील, तर दोघं नुसते नांदतातच असं नाही, तर बाहेरून चुंबक न लावता तारेत वेगळीच करामत करतात. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे दोघी जावा. लांब ठेवल्या की धुसफूस, एका ओट्याशी उभ्या केल्या की कामं झरझर."

तपासणीसाठी डब्या दोन होत्या. पहिलीतल्या तारांवर मुलामे एकमेकांवर चढलेले, दुसरीत समोरासमोरच्या बाजूंना, स्पर्शही नाही. मोजमापात करामत पहिलीनंच दाखवायची. वर्षभर तसंच घडलं. आणि मग दुसऱ्या डबीतल्या अठ्ठावीस नंबरनं घोळ घातला. तिनंही करामत केली.

मोजमापं घेणाऱ्या मुलाचा प्रबंध अजून व्हायचा होता, तरी सगळे त्याला डॉक्टर म्हणत. चहाच्या टेबलाशी त्यानं हळूच विचारलं, "ताई, डब्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?"

हळूच, पण ऐकलं सगळ्यांनी. एक तार चुकली असेल तर आधीच्या सत्तावीसांचा काय भरवसा? वर्ष पाण्यात. आणि सुईताईच्या हाताबद्दल पहिल्यांदाच कुणी शंका घेतली होती.

तिनं कप ठेवला आणि आपली वही घेऊन आली. तार मोजमापासाठी चकतीवर ठेवून झाली की ती जशी पडली असेल तशी पेन्सिलीनं काढायची, ही तिची जुनी खोड. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी कधी पाहिलंही नव्हतं. पहिल्या डबीतल्या तारा सगळ्या धनुष्यासारख्या, कारण दोन्ही थरांची ओढ एकाच बाजूला. दुसरीतल्या पट्टीनं आखल्यासारख्या, दोन्हीकडून सारखीच ओढ. अठ्ठावीस नंबर मात्र वाकलेली, आणि खाली लिहिलेलं: दुसरी डबी. वाकडी. का?

"डबी दुसरीच आहे," ती म्हणाली. "ही वाकडी माझ्या हातात आल्यावर झालेली नाही. कापून बघा."

डॉक्टर म्हणाला, चार दिवस जातील, तारही जाईल. मोठ्या बाईंनी वही दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, कापा.

चार दिवस सुईताईनं नेहमीसारख्या तारा उचलल्या. घरी मात्र आमटीत मीठ दोनदा पडलं. सासूबाईंनी ताट सरकवलं, काय झालंय ते काढून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हात तुझाच होता ना? मग जेव."

पाचव्या दिवशी कापलेल्या तारेचं चित्र पडद्यावर आलं. बनतानाच काहीतरी तिरपं झालं होतं. चुंबकाचा थर कडेवरून घसरून ॲल्युमिनियमवर चढला होता. डबी दुसरी, पण थर चिकटलेले, म्हणून ओढ एका बाजूला आणि तार वाकडी. म्हणजे बाईंचं म्हणणं मोडलं नव्हतं, उलट पक्कं झालं होतं: जिथं चिकटले, तिथंच करामत.

डॉक्टर वही घेऊन तिच्या टेबलाशी आला. "ताई, या 'का?'चं उत्तर मी लिहू?"

"लिहा," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी आधी वही मागा."

शोधनिबंध छापून आला. तिसरी आकृती तिच्या पेन्सिलीची होती, आणि वर नावांच्या ओळीत तिचं पूर्ण नाव. सासूबाईंनी चष्मा लावून ती आकृती बराच वेळ न्याहाळली. "वाकडीच की गं," म्हणाल्या, आणि पानं घडी न करता, पदराखाली जपून, शेजारणीकडे निघाल्या. जिन्यातून त्यांचा आवाज वर येत होता, "दिसत नाही ते उचलते आमची सून."