राहीबाईची बिनमिरचीची पंगत

राहीबाई नवऱ्याशी भांडून पाल्याच्या लेण्यांत राहायला गेली, ही बातमी आमच्या आळीत सकाळच्या चहाआधी पोचली. कुणी म्हणे गाठोडं घेऊन गेली, कुणी म्हणे मोठा टोपसुद्धा नेला. टोप नेला होता, हे खरं. बाकी सगळी आळीची कारागिरी. बाई लेण्यांच्या पायथ्याशी नाटकाच्या तालमीला गेली होती आणि सांजेला परत येऊन नवऱ्याला, सहदेवला, भाकऱ्या थापून घातल्या होत्या.

राहीबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तिथल्या अंकिताबाईंनी एकदा सांगितलं, लेणी खोदली तेव्हा आपल्याकडं मिरची नव्हती, बटाटा नव्हता. राहीबाई हबकलीच. "मग खायाचे काय गो बाई?" त्या प्रश्नातून तिनं नाटक उभं केलं: डोंगरात पाण्याचं टाकं खोदून घेणारी व्यापाऱ्याची बायको आणि तिच्याकडं जेवायला येणारे पाथरवट. बायकोचं काम कुणाचं, हे सांगायला नको.

पहिले दोन प्रयोग पडले. पोलादपुरात तर टाकं खोदून व्हायच्या आत मैदान रिकामं. सहदेव म्हणाला, "दगडाची गोष्ट दगडच ऐकतील." बाईनं ठरवलं, तिसऱ्या प्रयोगाला, सव गावातही लोक मधेच उठले तर नाटक बंद. आपली खिचडी बरी.

सवला तिनं खरीच चूल मांडली. आलं, मिरी, कोकम घातलेलं माशांचं कालवण रटरटू लागलं. "या, बसा जेवायला," असं पाथरवटांना म्हणायचा अवकाश, पहिल्या रांगेतले हैबतीअण्णा उठले, चपला काढल्या आणि रंगमंचावर मांडी घालून बसले. बोलावल्यावर नाय कसं म्हणायचं? त्यांच्यामागून अख्खी रांग, मग दुसरी. पाथरवटांना टेकायला जागा उरली नाही.

"पडदा पाडा!" अंकिताबाई विंगेतून ओरडल्या.

राहीबाईनं पळी उचलली. शाळेच्या सवयीनं कालवण शंभराला पुरेल एवढं होतंच. वाढता वाढता ती टाक्याची गोष्ट सांगत राहिली. आणि भरल्या पंगतीतून मधेच उठायची रीत आमच्यात नाही. टाकं पुरं खोदून झालं, पाण्यानं भरलं, तरी एक माणूस हलला नाही.

शेवटच्या पानावर सहदेव. घरी वाढायला कुणी नव्हतं म्हणून आलेला. घास घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं. "अगो, मिरची कुठं हाय?"

जन्मात नवऱ्याला अरेतुरे न केलेली राहीबाई व्यापाऱ्याच्या बायकोच्या तोऱ्यात म्हणाली, "पावण्या, मिरची अजून दर्यापार हाय. ती यायला चौदाशे वर्सं लागतील. तवर मिरी चाव."